बासष्ट गुरुवार

सकाळचे सात म्हणजे आमच्या घरात चारी दिशांनी हाका येण्याची वेळ. गॅसवर दूध, मोरीत नळ सोडलेला, धाकटीची अर्धी वेणी माझ्या हातात, रिबीन तिच्या तोंडात, आणि आतून आमच्या ह्यांचा रोजचा प्रश्न की पायमोजा नेहमी एकच का सापडतो. अशात दारावर थाप पडली. बेल असताना थाप. तीही हाताची नाही, काठीची. दोनदा, जरा दबकत.

दार उघडलं तर समोर खालच्या मजल्यावरचे सरडेमामा.

नऊ वर्षं आम्ही एकाच जिन्याने चढतो-उतरतो, पण मामा आमच्या दारात कधी आले नव्हते. येणं-जाणं मामींचं. वाटीभर साखर, सुईदोरा, घरातल्या कुरबुरी, सगळं मामींबरोबर यायचं. मामा म्हणजे जिन्यात कडेला होऊन वाट देणारा, हिरवट शर्टातला माणूस. आज त्या शर्टाला इस्त्री होती आणि बगलेत जाड पुठ्ठ्याची एक लांबट वही होती. एक मजला चढून आल्याने कपाळावर घाम आला होता. उजवा पाय जमिनीला जेमतेम टेकवलेला.

"ताई, एक अर्ज लिहायचाय," ते म्हणाले. "अकराच्या आत कचेरीत द्यायचाय."

"लिहू की. आधी आत तर या."

"अक्षर माझं बरं आहे. शब्द दगा देतात."

तेवढ्यात मागे दूध उतू गेलं. "गेलं," मामा दारातूनच म्हणाले, आणि असे ओशाळले की जणू तेही त्यांच्यामुळेच झालं.

मुलं शाळेत गेली, हे कामावर गेले, ओटा पुसून झाला. मी कागद-पेन घेऊन बसले तेव्हा मामा टेबलाशी तसेच होते, पाय बुटक्या स्टुलावर लांब करून. चहा निवून त्यावर साय धरली होती. गरम करून देते म्हटलं तर "असू द्या" म्हणाले आणि साय बोटाने बाजूला करून तसाच प्यायले.

"काय लिहू?"

"लिहा की वरच्या उतारावर शेवाळ्या आहे. यादीतून उतार काढू नये. आपला नम्र."

"बस?"

"आणखी काय?"

शेवाळ्या म्हणजे सरडा. त्याचं कागदोपत्री नाव दोन ओळींचं आहे आणि ते कचेरीतही कुणाला एका दमात म्हणता येत नाही, म्हणून मामांनीच हे नाव ठेवलं. वीतभर अंग, शेवाळाच्या रंगाचं, पाठीवर बारीक काट्यांची रांग. डोंगराच्या अगदी वरच्या अंगाला, जिथे ढग रोज सकाळी झाडांत येऊन बसतात, तिथल्या जुन्या झाडांवर राहतो. दुसरीकडे कुठेच नाही. इतर सरडे रंग बदलतात, हा बापडा जन्मभर एकाच रंगात एकाच झाडाला धरून असतो. सरकारी यादीत त्याच्या नावापुढे 'अतिसंकटग्रस्त' लिहिलेलं आहे. मामा कधीतरी गुडघ्यावर हात ठेवून म्हणायचे, "हे मोठं नाव हल्ली मलाच जास्त शोभतं."

एकतीस वर्षांपूर्वी मामा जंगलखात्यात पहारेकरी म्हणून लागले तेव्हा त्यांचं काम लाकूड तोडणाऱ्यांना हटकणं एवढंच होतं. मग एक संशोधक बाई आल्या. त्यांना वाट दाखवायला कुणी तयार नव्हतं, कारण चढ उभा होता आणि बाई बोलायच्या फार. मामा नवे, त्यांना कुणी विचारलंच नाही, नुसतं पाठवलं. बाईंनी वरच्या उतारावरची एक्केचाळीस झाडं निवडली. प्रत्येकाला आकड्याची पत्र्याची पट्टी, खिळ्याने नाही, तारेने बांधलेली, तारेला स्प्रिंग, म्हणजे झाड जाड झालं तरी तार रुतू नये. दर वर्षी ती तार सैल करणं हे मामांचं काम. आणि दर गुरुवारी वर जायचं, एकेका झाडासमोर उभं राहायचं, मनात तीनशे मोजायचं, आणि वहीत लिहायचं. वहीत रकाने चार: तारीख, हवा, झाडांचे आकडे, आणि शेवटचा 'दिसला का?'

"बाई म्हणायच्या, शोधू नकोस, वाट बघ," मामांनी मला सांगितलं. "खोडाकडे बघायचंच नाही. खोडाच्या कडेला बघायचं, जिथे झाड संपतं आणि उजेड सुरू होतो. तिथे एखादा फुगवटा दिसतो. आणि फुगवटा श्वास घेतो."

पहिलं सबंध वर्ष त्यांना एकही दिसला नाही. कंटाळून त्यांनी वही कोरी ठेवली तेव्हा बाई रागावल्या. म्हणाल्या, तीनशे मोजून न दिसणं हीसुद्धा माहिती आहे, तेही लिही. मग दुसऱ्या वर्षी सातव्या झाडावर पहिला दिसला, आणि मामा ते कुणाला सांगू म्हणून धावत खाली आले तर मामीच भेटल्या. नवीन लग्न झालेलं. मामी अजून सांगतात, "मला वाटलं बढती झाली. विचारलं काय दिसलं, तर म्हणे सरडा. लोकांच्या बायकांच्या वाट्याला सवत येते, तिच्या झिंज्या तरी उपटता येतात. मी सरड्याचं काय उपटू?"

तर अशा ह्या माणसाची नोकरी ह्या महिनाअखेरीस संपत होती. त्याआधी, आजच अकरा वाजता, एका अहवालावर त्यांची सही हवी होती. वरच्या उतारावर शेवाळ्या उरलेला नाही, म्हणून तो उतार राखीव यादीतून काढावा, असा तो अहवाल. उतार यादीतून निघाला की पट्ट्या काढायच्या, मामांच्या जागी नवा माणूस नाही, आणि डोंगरमाथ्यावर नेणारा गाडीरस्ता, जो ह्या सरड्यापायी बारा वर्षं अडला होता, तो त्या एक्केचाळीस झाडांतून काढायचा.

"पण उरलेला नाही असं त्यांनी ठरवलं कशावरून?" मी विचारलं.

मामांनी वही माझ्याकडे सरकवली.

मी पानं उलटू लागले. अक्षर खरंच सुंदर, शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला ज्या मुलाला उभं करतात तसलं. तारीख, हवा, आकडे. शेवटच्या रकान्यात: होय, सातव्यावर. होय, एकोणिसाव्यावर, मादी, पोट भरलेलं. नाही. होय. नाही. होय, दोन. आणि मग एका पानापासून पुढे नुसतंच नाही. नाही, नाही, नाही, पानाच्या तळापर्यंत. पुढच्या पानावर तेच.

मी मोजले. बासष्ट.

"मामा, हे तर तुम्हीच लिहिलंय."

"हो."

"मग अर्जात तो आहे असं कसं लिहू? तुमच्याच वहीत नाही म्हटलंय."

मामांनी कप उचलला, रिकामा बघून ठेवला. बराच वेळ गुडघा चोळत राहिले. बाहेर कुणीतरी जिन्यावरून बादली खडखडवत उतरलं.

"ताई, मी वर गेलोच नाही."

मला आधी कळलंच नाही.

"गुडघा गेलाय माझा. ओल्या मुळावरून एकदा घसरलो, तेव्हापासून. खालच्या पहाऱ्याच्या झोपडीपर्यंत जातो. पुढचा चढ होत नाही. पहिल्या गुरुवारी वाटलं, पुढच्या गुरुवारी जाऊ. झोपडीत बसलो, डबा खाल्ला, वही उघडली. 'दिसला का?' आता काय लिहायचं? रकाना कोरा ठेवला तर कारकून बाई वही परत पाठवतात. कोरा रकाना चालत नाही त्यांना. दिसला का? नाही दिसला. खोटं कुठे होतं त्यात?"

"बासष्ट वेळा?"

"दर वेळी एकदाच," मामा म्हणाले.

कुणाला वाटेल मला राग यायला हवा होता. पण माझ्याही घरात किती कामं अशी आहेत की जी 'उद्या'वर ढकलत वर्ष उलटलं. माणूस एका दिवसात लबाड होत नाही. तो थकतो, आणि थकव्याला एक शब्द सापडतो, आणि तो शब्द सोयीचा असतो.

"साहेबांना सांगायचं होतं, चढवत नाही म्हणून."

"सांगितलं असतं तर फाटकावर बसवलं असतं, गाड्यांचे नंबर लिहायला. आणि वर कोण गेलं असतं? कुणी नाही. म्हटलं गुडघा बरा होईल. डॉक्टर म्हणाले, होईल तेवढा झाला."

"मग हेच लिहू या अर्जात. गुडघ्याचं."

"नको," मामा घाईने म्हणाले. "तेवढं नको."

दार लोटलेलंच होतं. मामी आत आल्या त्या तशाच, दवाखान्यातली रात्रपाळी करून. तिथे चादरी धुण्याच्या विभागात त्या आहेत आणि त्यांच्या हातांची बोटं कायम पाण्यात राहून सुरकुतलेली असतात. नवरा घरात नाही, काठी नाही, वही नाही, एवढ्यावरून त्यांनी सगळं ओळखलं होतं.

"सांगून बसलात ना?" त्या मामांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "ह्यांनी काय सांगितलं ते ऐकलंस. आता विसर. लिहायचं तर नुसतं विनंती आहे, विचार व्हावा, असं काहीतरी मोघम लिही. तुला येतं तसलं."

"मामी, पण खरं..."

"खरं काय खायचंय? एकतीस वर्षं माणूस ह्या डोंगरावर झिजला. एक रजा नाही, एक डाग नाही. नऊ दिवस राहिलेत. चौकशी लावली तर कागद अडकतील, आणि जाताना लोक म्हणतील सरडेमामा घरबसल्या वही भरायचा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, ह्यांची तर झोपडीपर्यंत! हसतील जिन्यात पोरं." त्या एकदम खुर्चीवर बसल्या. आवाज उतरला. "मी थकले गं. दोघांपैकी एकाला तरी नीट निजू दे."

मामा वहीच्या कडेवरून बोट फिरवत होते.

मी मोघमच अर्ज लिहिला. 'सदर उताराबाबत पुनर्विचार व्हावा' वगैरे. वाचून दाखवला तर मामा म्हणाले, "छान आहे." छान अजिबात नव्हता. त्यात एकही गोष्ट सांगितलेली नव्हती.

"तू जा ह्यांच्याबरोबर," मामी मला म्हणाल्या. "कचेरीला पंचवीस पायऱ्या आहेत आणि कठडा एकाच बाजूला. मी आता उभी राहिले तर पडेन."

त्या पायऱ्या आम्ही दोनदा थांबून चढलो. मधल्या वळणावर मामा भिंतीला टेकले आणि म्हणाले, "बघा, हा काय चढ आहे? ह्याच्या दसपट मी डबा हलवत जायचो." मग पुढे म्हणाले, "गेल्या गुरुवारी कारकून बाईंनी मला पेढा दिल्यासारखं सांगितलं, मामा, तुमची वही सगळ्यांत नीटनेटकी. एक रकाना कोरा नाही."

साहेबांची खोली लहान होती. फायलींची कपाटं, खिडकीला जाड काच, आणि भिंतीवर डोंगराचा नकाशा, त्यावर वरच्या उताराभोवती हिरव्या पेनाने ओढलेली रेघ. साहेब तरुण, मामांचा मुलगा शोभेल अशा वयाचे, आणि चांगले होते, हे मला आधी सांगून टाकायला हवं. वाईट असते तर सोपं गेलं असतं. ते उठून उभे राहिले, स्वतः खुर्ची पुढे ओढली, मामांचा पाय ठेवायला दुसरी आणून दिली. अर्ज दोनदा वाचला.

"मामा, मला कळतं तुमचं मन," ते म्हणाले. "माझंही मन धजत नव्हतं ह्या निर्णयाला. वरून सारखं विचारणं चालू होतं, रस्त्याचं काय, रस्त्याचं काय. मी वर्षभर म्हणत होतो, थांबा, मामांच्या वहीत एक होय येऊ द्या. एक. मी पुढचं बघून घेईन."

मामा खाली बघत होते.

"कुणी म्हणालं, दुसरं पथक पाठवून खात्री करा. मी म्हटलं, कशाला? त्या माणसाइतका डोळा खात्यात कुणाचा नाही. पथकातल्यांना समोरचा सरडा दिसायचा नाही, मामांना त्याचा श्वास दिसतो. मामा नाही म्हणाले म्हणजे नाही." त्यांनी अहवाल पुढे केला, सहीच्या जागी बोट ठेवलं. "त्यात तुमची चूक काही नाही. तुम्ही होतं तेवढं राखलंत."

पेन मामांच्या हातात होतं. मी त्यांच्या शेजारी बसले होते, म्हणून मला दिसलं की ते सहीच्या रेघेकडे बघतच नव्हते, कागदाच्या कडेकडे बघत होते. किती वेळ, सांगता येणार नाही. ओठ बारीक हलत होते.

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"साहेब, मी गेलो नव्हतो."

"कुठे?"

"वर. चौदा महिने. गुडघा चालत नाही. मी झोपडीत बसून लिहिलं. झाडासमोर उभा राहिलोच नाही."

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, जणू मी हसून म्हणेन की मामा गंमत करतात. मग ते उठले आणि दार लावून आले.

"मामा, हे मी ऐकलं नाही असं समजा," ते हळू बोलले. "हे कागदावर आलं तर मला चौकशी लावावी लागेल. माझ्या हातात राहणार नाही. तुमचा निरोप समारंभ, प्रशस्तिपत्र तयार आहे, मी स्वतः मजकूर लिहिलाय त्याचा. सगळं बाजूला पडेल. एकतीस वर्षांचं एका ओळीत होईल."

"हो."

"घरी काय म्हणतात?"

"घरी नको म्हणतात," मामा म्हणाले. "तिचं बरोबर आहे."

"आणि कशासाठी? तो तिथे आहे, हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

"नाही. असेल, नसेल. एकोणिसाव्यावर मादी होती, पोटुशी. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण वहीत माहीत आहे असं लिहिलंय, आणि तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवलात."

साहेब खिडकीपाशी गेले, परत आले. टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे ठेवला. रागावले असते तर मामांना बरं वाटलं असतं, पण ते नुसते थकल्यासारखे खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी डोळे चोळले. बाहेर कारकून बाई टंकलेखन करत होत्या, त्याचा एकसारखा आवाज येत होता.

"मी एकट्याने हा अहवाल थांबवू शकेन असं वचन देत नाही," शेवटी ते म्हणाले. "वर पाठवायला कुणी माणूस आहे का, तेही बघावं लागेल. तुम्हाला नक्की काय हवंय ते तरी सांगा. नोकरी वाढवून? दुसरं पथक? काय लिहून घेऊ?"

मामांनी बगलेतली वही टेबलावर ठेवली. पहिला 'नाही' होता ते पान काढलं आणि वही साहेबांकडे फिरवली.

"मला काही वाढवून नको," ते म्हणाले. "इथे बासष्ट ठिकाणी मी 'नाही' लिहिलंय. प्रत्येक 'नाही'च्या आधी मला माझ्या हाताने 'गेलो' एवढा एक शब्द लिहू द्या."